नणंदेची किडनी

सकाळपासून धुकं दाटलेलं. दोरीवरचे कपडे सुकायचं नाव घेत नव्हते. इस्त्रीवाली वहिनी ओलसर शर्टांवरच इस्त्री दाबत होती आणि मनातल्या मनात नणंदेचा उद्धार करत होती. त्याच नणंदेची किडनी पोटात घेऊन ती कैक वर्षं जगत होती, ही गोष्ट वेगळी.

नणंदेनं किडनी दिली फुकट, पण ऐकवली रोज. "माझी कशी आहे?" असं विचारायची. वहिनी कशी आहे, ते नव्हे.

गेल्या वर्षी शेवटी वहिनीनं स्वतःशी ठरवलं. परक्या घरची पोर सून होऊन येते, चार वर्षांत घरची होते. मग किडनीच काय जन्मभर पाहुणी राहणार? तिनं किडनी टिकवायच्या रोजच्या गोळ्या गुपचूप सोडल्या. पाय सुजले, लघवी कमी झाली, रक्ताचा अहवाल बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. किडनी जायच्या वाटेवर होती.

डॉक्टरीण लेकीच्या वयाची. रागावली नाही, समजावत बसली. गोळी लढाऊ पेशीत शिरते आणि तिथल्या एका गरीब प्रथिनाला चिकटते. एकट्या गोळीच्यानं काही होत नाही, एकट्या प्रथिनाच्यानंही नाही. पण दोघं जोडीनं दुसऱ्या एका प्रथिनाला असं धरून बसतात की त्याला हलता येत नाही. परक्यावर तुटून पडा, ही हाक तेच पुढे पाठवतं. हाक गेली नाही की पेशी गप्प. गोळी ओसरली की पकड सुटली.

"म्हणजे किडनी कधीच आपली होत नाही?" वहिनीनं विचारलं.

"नाही. फक्त भांडण पेटू द्यायचं नाही."

"मग सासरी माझं तरी काय वेगळं झालं," वहिनी म्हणाली.

इंजेक्शनं झाली. किडनी वाचली, पण पहिल्यासारखी राहिली नाही. नणंद धापा टाकत दवाखान्यात आली आणि नेहमीचंच विचारलं.

"रुसलीय, वन्सं. तुमच्यावरच गेलीय."

नणंद हसली नाही. खाटेच्या कडेला बसून पदरानं डोळे पुसत राहिली.

त्यानंतर गोळीची वेळ झाली की नणंद इस्त्रीच्या दुकानात येऊन ठाण मांडायची. गोळी घशाखाली उतरल्याशिवाय हलायची नाही. वर तोंड उघडून दाखवायला लावायची. आजही वहिनीनं आ करून दाखवला, तोंड मिटलं आणि चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं.

"नुसत्या बसू नका. ताणून धरा, घडी घालायचीय."