आत्याचा मासा

आमच्या आत्याचा जीव एकावर जडला होता आणि त्याला तिने कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. तो एक मासा होता. बोटाएवढा, लाल-पांढरा, उष्ण समुद्रातल्या प्रवाळांच्या पार खालच्या कपारीत, अंधारात राहणारा. आत्या पोलादपूरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. "कशेडी घाट उलटा करून समुद्रात बुडवला, तर हा दुसऱ्या-तिसऱ्या वळणाशी राहतो," असं ती मुलांना सांगायची. अभ्यासक्रमात नसल्यामुळे तो मुलांच्या पक्का लक्षात राहायचा.

मराठीत त्याला नाव नाही. "जे खाता येत नाही त्याला आपण नाव देत नाही. नावं ठेवतो ती माणसांना," आत्या म्हणायची. त्यात आमचं घर आघाडीवर होतं. तिने लग्न केलं नाही ते या माशापायीच, असं मोलाचं संशोधन माझ्या बाबांनी केलं होतं. आंबेनळीकडचे आमचे चुलते, तात्या, विचारायचे, "पण गो बाय, आपल्या सावित्रीत काय मासे नाय? त्याच्यात एवढा काय हाय?"

"तो कुणाच्याच उपयोगाचा नाही, तात्या. तरी मजेत आहे."

निवृत्तीनंतर घरच्यांनी तिला काशीला पाठवायचं ठरवलं. ती म्हणाली, लक्षद्वीप. आईने डोळ्यांना पदर लावला, बाबांना अचानक तिचं कमजोर हृदय आठवलं.

"काशीला चालतं का रे तेच हृदय?" आत्याने विचारलं.

शेवटी तिच्यावर लक्ष ठेवायला मला सोबत धाडलं.

तिथे काचेच्या तळाची होडी होती. निळे-पिवळे मासे पुष्कळ दिसले. आत्याने त्यांच्याकडे आगंतुक पाहुण्यांकडे बघावं तसं बघितलं. मग प्रवाळाची कड संपली आणि काचेखाली नुसतं गडद पाणी उरलं. पर्यटकांनी मोबाइल खिशात घालून वेफर्स काढले. आत्या मात्र दुखऱ्या गुडघ्यांवर बसली, काचेला दोन्ही तळवे टेकवून.

"काही दिसत नाही गं," मी म्हणालो.

"दिसणार नाहीच. खाली आहे तो."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाऱ्याने असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

गेल्या थंडीत आत्या गेली. शाळेतल्या शोकसभेत मुख्याध्यापकांनी तिला 'मत्स्यप्रेमी' म्हटलं. ती कालवण फक्कड करायची, असा निम्म्या सभेचा समज झाला. मग मला दोन शब्द बोलायला बोलावलं. त्या खोल कपारीत लाल मासा काळा का दिसतो, ते मी सांगू लागलो. बाहेर चहा थंड होत होता. कोणीतरी माइक बंद केला.

मी आवाज चढवला.