आपली झोळी आपण आणा

अंगणवाडीच्या दारात गोल तबकडीचा वजनकाटा टांगलेला. त्याच्या हुकाला निळी झोळी. गावातल्या मोठ्या बागायतदाराचा नातू नुकताच त्या झोळीतून उतरला होता. पुढचा नंबर माझ्या लेकीचा. सिस्टरनं झोळी काढली, घडी घातली, पिशवीत ठेवली.

“भीमनगरवाल्यांनो, आपली झोळी आपण आणा,” ती म्हणाली. “लेकरांना जंतू लागतात.”

जंतू! म्हणजे आमच्या लेकरांचे जंतू बागायतदाराच्या नातवाला लागणार. त्याचे मात्र आमच्या लेकरांना लागत नाहीत. सगळं कळलं मला. तरी मी मान डोलावली. ओली बाळंतीण मी. लाज वाटली ती वेगळीच.

आत्याबाई, माझ्या सासूबाई, घरी पळाल्या. थंडीचे दिवस. हाताला लागली ती जाड वाकळ घेऊन आल्या. तिची टोकं मीच बांधली, लेक मीच टांगली. सिस्टर लांबून काट्याकडे बघून म्हणाली, “भरलं गं वजन. छान आहे पोरगी.”

तिचं गोड बोलणं मला पचलं नाही. पोटुशी होते तेव्हाही या बाईनं कधी पोटाला हात लावला नव्हता. तोंडानं विचारायचं, लांबूनच “ठीक आहे” म्हणायचं. आज एवढं छान काय दिसलं तिला?

घरी लेक पाजायला घेतली. दोनदा ओढलं की झोपायची. रडणंही मांजराच्या पिल्लागत. मी आत्याबाईंना म्हणाले, पोरगी बरी दिसत नाही.

“सिस्टरनं सांगितलंय न्हवं, भरलंय म्हून? उगं शंका काढू नगंस.”

मग मी वाकळ उन्हात टाकायला उचलली. जड लागली. एका हातावर लेक होती, दुसऱ्या हातात वाकळ. वाकळच जड. लेकीला घेऊन तशीच निघाले. आत्याबाई मागून हाका मारत होत्या.

सिस्टर आवराआवर करत होती. काटा अजून दारातच.

“सिस्टर, परत वजन करा. तुमच्या झोळीत.”

“मघाशी झालंय ना?”

“वाकळीचं झालंय. लेकराचं ऱ्हायलंय.”

“तुला लई कळतंय!”

मी तिच्या पिशवीत हात घातला.

“हात लावू नको!”

“लावला.”

झोळी मीच अडकवली. लेक आत ठेवली. काटा जरासा सरकला आणि थांबला. सिस्टर जवळ आली. पहिल्यांदाच इतकी जवळ. तिचा चेहरा उतरला. तिनं फोन काढून गाडी बोलावली.

धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात लेकीला काचेच्या पेटीत ठेवलं. जगली. गाव म्हणतं, सिस्टरनं वेळेवर गाडी बोलावली म्हणून वाचली. म्हणू दे. गाडी कुणामुळं आली ते मला माहीत आहे, सिस्टरलाही माहीत आहे.

आता निळी झोळी सगळ्यांना मिळते. सिस्टर माझ्याशी हसून बोलते. माझा काडीचा विश्वास नाही. मी हलले की पुन्हा घडी पडेल, पुन्हा पिशवीत जाईल. म्हणून आमच्या वस्तीतली बाळंतीण निघाली की मी सोबत जाते. कुणी बोलावलं नाही तरी जाते. काट्याला नाक लावून उभी राहते.

आमचं लेकरू कमी भरलं तर तोंडावर कमी म्हणा. ‘भरलं’ असं खोटं सांगून घरी पाठवाल, तर दार मी अडवीन.