सगळ्यांचाच नंबर पहिला

आमच्या मावशीला घरात सगळे 'आधी' म्हणतात, कारण तिचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. आधी हात पुस, मग स्विचला लाव. आधी ताटं मोज, मग वाढायला घे. तिला बघायला आलेल्या माणसालाही तिने म्हणे सांगितलं होतं, आधी राहायचं कुठे ते ठरवू, मग बाकीचं बोलू. तो चहा तसाच टाकून गेला तो परत फिरकला नाही. मावशीला त्याचं काही वाटलं नाही.

ही बाई एका मोठ्या इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात आहे. इस्पितळाच्या गाड्या रोज कुणाला आणायला धाडायच्या हे तिथे कॉम्प्युटर ठरवतो, आणि कसं ठरवायचं याचे नियम मावशीने त्याला घालून दिलेत. एक डायलिसिसवाल्यांचा, एक बाहेरच्या डॉक्टरांचा, एक प्रयोगशाळेच्या नमुन्यांचा, असे. नियम सगळे बरोबर आहेत. भानगड आहे ती क्रमाची. जो नियम आधी चालतो तो गाड्या पटकावतो, मागच्यांच्या वाट्याला उरल्यासुरल्या. म्हणून मावशीने प्रत्येक नियमाला नंबर लावायची सोय केली आणि इथेच फसली, कारण नंबर लावणं तिने विभागांवर सोपवलं. झाडून सगळ्यांनी आपापल्या नियमाला पहिला नंबर लावून टाकला.

नंबर सारखे असले की हा कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी सेव्ह केलेला नियम आधी चालवतो. हे कुणाला तरी कळलं आणि इस्पितळात नवीच रीत पडली. सकाळी गाड्यांची यादी लागायच्या आत एक कारकून आपला नियम उघडतो, त्यात काडीचा बदल करत नाही, नुसता सेव्ह करतो. मग दुसरा करतो. मग पहिला परत. चांगली शिकलीसवरलेली माणसं ही. मला ऐकून हसू यायचं, ते बाबांची गाडी चुकली त्या दिवसापर्यंत.

बाबांचं डायलिसिस तिथेच असतं. ते बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसून राहिले आणि गाडी गेली पाहुण्या डॉक्टरांना आणायला. दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली, पाय सुजले. आईने फोनवर मावशीला नको नको ते ऐकवलं. मावशी तडक अधीक्षकांकडे गेली. ज्यांना थांबता येत नाही त्यांचे नियम आधी, बाकीचे नंतर, एकदा बसून ठरवून टाका, म्हणाली. बैठक झाली. मागे सरकायला एकही विभागप्रमुख तयार होईना, आणि त्यांच्या परवानगीशिवाय मावशीला नंबर बदलता येत नाही. अधीक्षक म्हणाले, सगळ्यांच्या सूचनांचा विचार करू. म्हणजे काहीच करायचं नाही.

डायलिसिसच्या नर्सबाईंना पेशंट सोडून बटणं दाबत बसायला सवड नसते. तेव्हापासून मावशीच उजाडायच्या आत कामावर जाते, बाकीच्यांचं आटपेपर्यंत पडद्यासमोर ठाण मांडते आणि अगदी शेवटी डायलिसिसचा नियम सेव्ह करते. गाड्या वेळेवर येऊ लागल्या. लगेच अधीक्षकांनी तो विषयच बंद केला. आता तक्रार आहे कुठे, असं त्यांचं म्हणणं.

परवा ती घरी आली तेव्हा बाबांनी कौतुकाने सांगितलं की तुझा कॉम्प्युटर सुधारला हो. मावशीने कप खाली ठेवला.

"सुधारला नाही, भाऊजी. मी रोज ढकलते म्हणून चालतो. आणि चालतो म्हणून कुणी सुधारत नाही."

सोमवारी जायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. बोंब होऊ दे, त्याशिवाय हे लोक ठरवायला बसणार नाहीत. बाबांसाठी टॅक्सी सांगून ठेवते, म्हणाली. आईचा जीव भांड्यात पडला. मलाही पटलं. बाबा मात्र आपल्या पायांकडे बघत होते.

"मी जाईन गं टॅक्सीने," ते म्हणाले. "माझ्या शेजारच्या खाटेवर त्या शिवणवाल्या बाई असतात. त्यांना टॅक्सी कोण सांगणार?"

मावशी उठली. चहा तसाच ठेवून गेली.

सोमवारी गाडी अगदी वेळेवर आली, म्हणजे मावशी उजाडायच्या आत गेलीच होती. आत शिवणवाल्या बाई होत्या, त्यांनी बाबांसाठी जागा केली. मला इतका संताप आला की ड्रायव्हर ओळखीचं हसला तरी मी त्याच्याकडे बघितलं नाही.