तीनशे किलोची ओढ

आइसलँडच्या पश्चिमेकडच्या एका खाडीत हाल्डोर राहायचा. आठवडाभर मासळीच्या कारखान्यात खोकी उचलायची आणि सुट्टीत जाळ्यांच्या जुन्या गोदामात लोखंड, एवढंच त्याचं जग. दोन वर्षांपूर्वी राष्ट्रदिनाच्या स्पर्धेत तीनशे किलोचा दांडा जमिनीवरून त्याच्या गुडघ्यांपर्यंत आला आणि अख्ख्या गावादेखत उजवा दंड काडकन वाजला. दंडाचा स्नायू ज्या कंडरेने हाडाला बांधलेला असतो, तीच तुटली.

डॉक्टरीणबाईंनी ती शिवली आणि चांगलं खडसावलंही. एक तळवा आत, एक बाहेर, ही त्याची पकड. बाहेर वळलेल्या हातावर ताण येतो, त्यात कोपर जरा वाकलं की संपलं. यापुढे दोन्ही तळवे स्वतःकडे, अंगठा दांड्याला लावून वरून बोटं आवळायची, नाहीतर सरळ पट्ट्यांनी मनगटं दांड्याला बांधायची. पट्ट्यांचं नाव काढलं की हाल्डोर भडकायचा. त्यापेक्षा घरी बसून स्वेटर विणीन, म्हणायचा. नव्या पकडीत अंगठा असा ठणकायचा की सांगायची सोय नाही, आणि दोनशे साठच्या पुढे दांडा निसटायचाच.

पण जीव तीनशेत अडकलेला. पोहण्याच्या तलावावर गरम पाण्याच्या हौदात बसला की तोच विषय. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले.

यंदा त्याने पुन्हा तीनशेलाच नाव दिलं. त्याची मुलगी आल्फ्रून स्वतः वजनं उचलते. तिने विचारलं, "पकड कोणती, बाबा?"

"नवी," तो म्हणाला. ते खोटं आहे हे दोघांनाही कळत होतं.

स्पर्धेच्या दिवशी तो दांड्यावर वाकला आणि उजवा तळवा आपसूक बाहेर वळला. या पकडीत तीनशे येणार, याची त्याला खात्री होती. आल्फ्रून दोन पावलं पुढे आली, पण चारचौघांत बापाला टोकायचं कसं? ती तिथेच थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

हाल्डोरने तो पाहिला. दांडा सोडून तो उभा राहिला आणि पंचांना म्हणाला, "चाळीस किलो काढा."

आजोबा दमले वाटतं, असं मागून कुणीतरी खवचटपणे म्हणालं. त्याने ऐकून घेतलं. दोन्ही तळवे आत, कोपरं ताठ, दोनशे साठ उचलले. टाळ्या पडल्या. तो कडेच्या बाकावर येऊन बसला.

"मला अजून तेच हवंय गं," तो म्हणाला. "उचललं असतं मी."

"उचललं असतंस, बाबा," आल्फ्रून म्हणाली, आणि त्याचा उजवा हात घट्ट धरून बसली.