वासराच्या वाट्याचा चीक

सदाशिव गेल्याचं आमच्या गावाहून, पलूसहून, आलेल्या माणसानं बोलता बोलता सांगितलं. त्याला आता महिना होऊन गेला, तरी मन थाऱ्यावर नाही. वाचायला बसतो, उठतो, अंगणात जातो, कशाला आलो तेच विसरतो... बायको म्हणे, "एकदा त्याच्या घरी जाऊन या." कोणत्या तोंडानं जाऊ, हे तिला सांगता येत नव्हतं.

सदा आणि मी एका वर्गातले. छप्पन सालानंतर त्याच्या घरच्यांनी धम्म स्वीकारला आणि मेलेली जनावरं ओढायचं सोडलं. साठ-बासष्टच्या सुमारास सदा गुरांच्या दवाखान्यात नोकरीला लागला. बाप मेली गुरं ओढायचा, पोरगा जिती ओढतोय, अशी गावात चेष्टा झाली. मीही हसलो होतो. आता त्या हसण्याची चीड येते.

एका सकाळी आमची कपिली गाय व्याली. सदा सायकलवरून चालला होता, त्याला मी हाक मारली. गोठ्यात येताच त्यानं विचारलं, "चीक पाजला का?" व्यायल्यावरचं ते पहिलं पिवळं, दाट दूध. आमच्यात वार, म्हणजे गर्भाची पिशवी, पडेपर्यंत कासेला हात लावत नसत, आणि पहिला चीक औंधच्या यमाईचा.

"चीक पाजला की वासरू हगतं," माझे वडील, आबा, म्हणाले.

"आवं आबा, उलटं हाय. वासराच्या अंगात रोगाशी झुंजायचं बळ नसतंय. ते आईच्या चिकातनं येतं. आज पोटात गेला तरच लागू पडंल, उद्या न्हाई. मग शेणातलं जंतू आतड्यात शिरलं की लागलीच हगवण." त्यानं बाह्या वर सारल्या.

"कासंला हात लावू नगंस. देवीचा हाय." आबांना सदाचा हात नडत होता, हे तिघांनाही कळलं.

सदा माझ्याकडं वळला. "तू काढ, गड्या. मी लांब हुबा ऱ्हातो."

मी आबांकडं पाहिलं. चीक काढला नाही.

नैवेद्य झाला, खरवस गल्लीभर वाटला. तिसऱ्या दिवशी वासराला पांढरी हगवण लागली. सदानं येऊन औषध पाजलं, पण डोळे खोल गेले ते गेलेच. पाचव्या दिवशी ते मेलं. आबा म्हणाले, "सदाला सांग, ओढून न्या म्हणावं." आणि मी, मास्तर व्हायला निघालेला शहाणा, सांगायला गेलो!

"मेल्याला न्हाई यायचा," सदा दारातूनच म्हणाला. "जित्याला कवाबी बोलव."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. वासरू मी एकट्यानं पुरलं. पुढच्या वेताला आबा ओरडत असताना मी चीक काढला आणि वासराला पाजला. कालवड जगली. सदाला सांगायला हवं, असं रोज वाटायचं. पुढं बदल्या झाल्या, सांगलीत घर झालं, आणि राहूनच गेलं.

गेल्या रविवारी अखेर गेलो. त्याच्या खोलीत खिळ्याला वासरं पाजायची रबरी बोंडीची बाटली अजून लटकत होती. वहिनींपुढं, सदाच्या बायकोपुढं, मी सगळं ओकून टाकलं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "तुमी चीक काढल्याचं कुणीतरी सांगितलं, तवा लय खूश झालतं. दोन दिस कामावर गेलं न्हाईत. म्हणायचं, गडी आता सांगायला येतूय बघ."

गावातल्या आमच्या घरापासून हे दार दोनशे पावलांवर होतं.