सुमंतच्या मुलाला मिळालेल्या टाळ्या

आमच्या टेक्सासमधल्या फ्रिस्कोत मराठी मुलं डॉक्टर होतात, इंजिनियर होतात, फारच बंड केलं तर वकील होतात. शेजारच्या सुमंतचा निहार अमेरिकन फुटबॉलमध्ये गेला, आणि तिथेही लाइनमन झाला. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात, त्यातला एक. समोरचा अंगावर आला की त्याला थोपवायचं, एवढंच काम. चेंडूला हात लावायचा नाही आणि फोटोतही यायचं नाही.

सुमंत गुडघ्यांचा सर्जन. अशा पोरांचे मोडलेले गुडघे रोज बघणारा. "मी तुझा खेळ बघायला येणार नाही," असं त्याने निहारला शाळेतच बजावलं आणि हट्टाने पाळलं. निहारची आई लवकर गेली, त्यामुळे मैदानावर त्याचं असं कुणीच नसायचं. आम्ही तरी जायला हवं होतं. नाही गेलो.

कॉलेजनंतर एका व्यावसायिक संघाने त्याला घेतलं, पण सरावापुरतं. तीन वर्षं तो परक्या, थंड शहरात एकटा राहिला. वजन उतरू नये म्हणून भूक नसताना दिवसातून सहा वेळा जेवायचा, तेही एकट्यानेच. आठवडाभर धक्के खायचे आणि रविवारी साध्या कपड्यांत मैदानाबाहेर उभं राहायचं. बापाने एकदा आपला खेळ बघावा, एवढंच त्याला हवं होतं. हे तो मला फोनवर सांगायचा, बापाला नाही.

मग संघातले दोघं जायबंदी झाले आणि एका रविवारी निहार खेळला. माझ्या बायकोने, शैलजाने, सुमंतला अक्षरशः ओढत आमच्या टीव्हीसमोर आणून बसवलं. खेळातलं आम्हा तिघांनाही ओ की ठो कळत नव्हतं. मुलांनी समजावलं असतं, पण आमची मुलं केव्हाच दूर गेलेली. शेवटच्या मिनिटाला पंचाने माइक चालू करून अख्ख्या स्टेडियमला सांगितलं, "होल्डिंग. ऑफेन्स. नंबर सिक्स्टी-एट." अडुसष्ट, म्हणजे आपला निहार! आम्ही उभं राहून टाळ्या पिटल्या. सुमंतने तर लगेच फोनवर निरोप ठेवला, "निहार, माइकवरून तुझा नंबर सांगितला रे! प्राउड ऑफ यू, बेटा."

पंच त्याची चूक सांगत होता. निहारने समोरच्याला हाताने धरून ठेवलं होतं, आणि त्यापायी संघाचा विजयी टचडाउन, म्हणजे त्यांचा गोलच, रद्द झाला होता. हे मला सोमवारी ऑफिसात कळलं, पण सुमंतला सांगायची माझी छाती झाली नाही. मंगळवारी निहारला काढून टाकलं. पुन्हा कुठल्याच संघाने बोलावलं नाही. "राजकारण, दुसरं काय!" सुमंत शेवटपर्यंत म्हणत राहिला.

सुमंत यंदा मार्चमध्ये गेला. दिवस झाल्यावर निहार आमच्याकडे आला, तेव्हा मी विचारलं, "बाबांना खरं का नाही सांगितलंस?"

"काका, फर्स्ट टाइम ते खूश झाले होते. कसं सांगणार?" मग म्हणाला, "त्या गेममध्ये मी चाळीस प्लेज, म्हणजे डाव, खेळलो. एक चुकला. बाकी एकोणचाळीस वेळा माझ्या साइडने कुणी आत आलं नाही. ते बघितलं का बाबांनी?"

खोटं बोलता आलं असतं. "आम्ही सगळे चेंडू बघत होतो रे," मी म्हणालो.

"इट्स ओके, काका. सगळे तेच बघतात."

तो रागावला असता तर बरं झालं असतं.