माझा मगज भावाला दिला तेव्हा

कडुलिंबाचा पाला उकळल्याचा वास आला की मला विक्रोळीची आमची खोली दिसते. धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झालेला. घरात माझंच रक्त त्याच्याशी जुळलं, म्हणून डॉक्टरनी माझ्या कमरेच्या हाडातला मगज काढून त्याला दिला. महिन्याभरानं तो घरी आला, मागून भात खायला लागला. मग एका सकाळी त्याचे तळहात, तळपाय, कान लालेलाल झाले. आई म्हणाली, "गोवर आलाय. देवीचं काम आहे, औषध द्यायचं नाय." पाच दिवस आम्ही त्याला पाल्याच्या पाण्यानं पुसलं, दाराला डहाळी बांधली. सहाव्या दिवशी कातडी सोलून निघायला लागली, तेव्हा हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर चिडलेच, "कसला गोवर! ताई, तुमचा मगज त्याच्या अंगाला परकं समजून खातोय. बारीकसं काहीतरी जुळलं नव्हतं. पहिल्याच दिवशी आणायचं ना!" भाऊ खाटेवरून हसला, "तायडे, लहानपणी एवढं मारलंस, अजून पोट नाय भरलं काय गं?" नवव्या दिवशी तो गेला. परवा नातीनं माझं रक्त तपासून आणलं. म्हणाली, "आजी, तुझं रक्त एकदम झकास आहे." मी तपासणीचा कागद घडी करून भावाच्या फोटोमागं ठेवला.